चौथ्या कमानीची मांजरं

स्पेनमधल्या सोरियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात सभा चर्चच्या ओसरीत भरते. ओसरीला सात कमानी, आणि खालच्या दगडी कठड्यावर बसायला प्रत्येक घराची आपापली कमान ठरलेली. मी शिक्षक म्हणून बाहेरून आलो, म्हणून एकेचाळीस वर्षं सभेला उभाच राहिलो. कुणी बसा म्हणेल याची वाट पाहत होतो, एवढंच.

त्या मंगळवारी शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आल्या. चौथ्या कमानीच्या खांबाचा कोरीव माथा त्यांना न्यायचा होता. त्यावर दोघांत मिळून एकच तोंड असलेले दोन सिंह आहेत; गाव त्यांना मांजरं म्हणतं. मजुरांनी टेकू लावून ठेवला होता.

"हा दगड मुळात या चर्चचा नाहीच," बाई म्हणाल्या. "डोंगरापलीकडच्या पडक्या मठातून आणलेला. तुमच्याच मास्तरांनी लिहिलंय." त्यांच्या हातात माझी जुनी पुस्तिका होती.

"वा, मास्तर!" किंतीन म्हणाला. तो मेंढपाळ, आवाज पलीकडच्या डोंगरावर पोचणारा. "आमच्या पणज्यांची मांजरं चोरीची ठरवलीत होय?"

"त्यांना बोलू दे की जरा," सरपंच बासिलिसा त्याच्यावर खेकसली. "मास्तर, खरं आहे का हे?"

मठाची गोष्ट मी अंदाजानं लिहिली होती. इतकं सुबक काम आमच्या गरीब गावात कुणी केलं असेल, यावर माझाच विश्वास बसला नव्हता. तेव्हा ती कमान विटांनी बुजवलेली होती. सहा वर्षांनी विटा काढल्या, तर माथ्याच्या कडेला पाथरवटाची खूण निघाली: बाण, आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. तीच खूण वेदीमागच्या अर्धगोल भिंतीत अकरा दगडांवर आहे. मी मोजलं, वहीत लिहिलं आणि गप्प बसलो. छापलेलं चुकलं हे सांगायची लाज वाटली.

"चूक आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं!" किंतीन ओरडला. "मांजरांना ऐकू गेलं नाही."

"चूक आहे! माझी चूक आहे!"

मी बाईंना दोन्हीकडच्या खुणा दाखवल्या. त्यांनी खाचेतून बोट फिरवलं.

"पण तोच पाथरवट मठातही काम करून गेला असेल," त्या म्हणाल्या.

मुद्दा बरोबर होता. एरवी मी लगेच मान डोलावली असती.

"असेल. ते तुम्ही सिद्ध करा. तोवर दगड इथंच राहील."

पुस्तिका मागून घेतली, मठाची गोष्ट असलेल्या एकोणिसाव्या पानावर तिरपी रेघ ओढली आणि खाली सही केली. सही वाकडी आली.

"मी वरिष्ठांना काय दाखवू आता?"

"हेच पान."

मजूर टेकूपाशीच उभे होते. पुढं काय करावं सुचेना, म्हणून मी चौथ्या कमानीत, मांजरांच्या बरोबर खाली, जाऊन बसलो. त्या कमानीचं घर बार्सिलोनाला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"मास्तर बसले! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी!" म्हणत किंतीनही आपल्या कमानीत बसला. मग बासिलिसा. मग बाकीचे.

बाई तासभर फोनवर बोलत होत्या. मजुरांनी पाव आणि सॉसेज काढून खाल्लं. शेवटी बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी टेकू सोडवला, गाडीत टाकला आणि गाडी उताराला लागली.

मी कठड्यावर हात टेकले.

"उठू का आता?" मी विचारलं.

"बसा हो," बासिलिसा म्हणाली. "सभा कुठं संपलीय अजून?"