सासूबाईंचं बंदर

आमच्या घरातली माणसं शहाणी असती तर उन्हाळ्यात पंखा लावून गप्प पडून राहिली असती. पण सासरे जाताना एक बोट मागे ठेवून गेले, आणि बोटीबरोबर एक नियम. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून बोटीने फिरायचं आणि प्रत्येकाने एकेक बंदर निवडायचं. ज्याचं त्याचं बंदर. दुसऱ्याच्या बंदराला नाही म्हणायचं नाही. सासऱ्यांना वाटलं असेल, अशाने घरात एकी राहील. राहिली की! नाही म्हणायची सोय नसली की माणसं काय काय करतात, ते बघायला ते राहिले नाहीत एवढंच.

यंदाही जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मी नेहमीसारखं ते बंदर निवडलं, जिथे बायकांच्या न्हाणीघरात गरम पाणी येतं. आमच्या ह्यांनी इंजिनाचे सुटे भाग मिळतात ते निवडलं. धाकट्या दिरांनी मोठमोठ्या पांढऱ्या बोटी लागतात ते निवडलं. तिथे आमची बोट म्हणजे लग्नात शिरलेला वाटसरू, पण भाऊजींना त्या बोटींच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे असतात. माझी जाऊ, म्हणजे धाकटी, तिने नवऱ्याच्याच बंदराला आपलं म्हटलं, म्हणजे तिथे दोन दिवस मिळाले.

मग सासूबाई म्हणाल्या, "माझं नेहमीचंच."

धाकटीचं तोंड लगेच कडू झालं. तसं माझंही दरवर्षी होतं, खोटं कशाला बोलू? आईंच्या बंदरावर माशांची पूड करायचा कारखाना आहे. माणसांनी टाकलेले मासे तिथे शिजवतात, वाळवतात, दळतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. तो वास आपल्याला समुद्रातच गाठतो. केसांत बसतो, पावात बसतो, उशीत बसतो. धुतला तरी जात नाही. मी तिथे दरवर्षी एकदा तरी ओकते, आणि ओकून झालं की बरं वाटण्याऐवजी पुन्हा तोच वास नाकात शिरतो. शी! नुसतं आठवलं तरी ढवळतं.

पण आई पोरवयात त्या कारखान्यात मासे निवडायला होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून मासे निवडणारी मैत्रीण अजून तिथेच राहते. आईंना आता उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसत नाही. मैत्रिणीला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. आमच्याकडून मैत्रिणीच्या शेजारणीला फोन करून दिवस कळवायचा, आणि त्या दिवशी ती सकाळपासून धक्क्यावर येऊन बसते. "आलीस का गं आंधळे!" असं ती लांबूनच ओरडते. "आले गं बहिरे!" असं आई ओरडतात. मग दिवसभर दोघी एकमेकींचे हात धरून बाकावर बसतात आणि गावभर ऐकू जाईल अशी कुजबुज करतात. वर्षातून एकच दिवस. आता दोघींचं वय असं, की "पुढच्या वर्षी" म्हणताना दोघीही जरा अडखळतात.

यंदा घोळ असा झाला की पुतणीचं, म्हणजे भाऊजींच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं आणि व्याही-विहीण आमच्याबरोबर बोटीवर येणार होते. व्याह्यांची अत्तराची दुकानं. एक नाही, चार. नवराबायको दोघंही नाकाने कांदे सोलणारी.

"आई, यंदा पाहुणे आहेत," धाकटी म्हणाली. "तुमचं ते बंदर..."

"काय झालं माझ्या बंदराला?"

"अगं, काय झालं म्हणजे?" भाऊजी मध्येच म्हणाले. "आईचं बंदर ते आईचं बंदर. नाही कोण म्हणतंय?" आणि आईंच्या समोर बसून त्यांनी त्या शेजारणीला फोनही लावला, दिवस कळवला.

भाऊजी असे साखरेत घोळून बोलायला लागले की मी आधी माझी पर्स चाचपून बघते. त्या दिवशी मात्र मी नकाशाची घडी घालत होते आणि माझ्या डोक्यात न्हाणीघरातलं गरम पाणी होतं.

निघालो. व्याही बोटीत पाऊल ठेवल्यापासून डिझेलच्या वासाला नाकं मुरडत होते. माझ्या बंदरात न्हाणीघराच्या जाळीवर परक्या बायकांच्या केसांचा हा एवढा बोळा. पांढऱ्या बोटींच्या बंदरात पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात अर्धवट खाल्लेले पाव आणि एक लहान मुलाचा लंगोट तरंगत होता. विहीणबाई त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "काय सुरेख बंदर आहे!" मी म्हटलं, चालू द्या.

आईंच्या बंदराचा दिवस उजाडला. आई सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करून बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली शाल, मांडीवर मैत्रिणीसाठी विणलेले लोकरीचे मोजे. दिसत नसताना विणलेले, त्यामुळे एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब.

"आज लाटा आहेत, आई. उलटीची गोळी घे," भाऊजी म्हणाले.

"मला कधी उलटी होते रे?"

"घे गं. माझ्यासाठी घे."

मुलगा प्रेमाने देतोय म्हटल्यावर आईंनी घेतली आणि घटकाभरात खाली केबिनमध्ये घोरायला लागल्या. आणि थोड्याच वेळात भाऊजींनी बोट अलीकडच्याच एका बंदरात घातली. इंजिन तापलंय म्हणाले. दुपारी पुढे जाऊ. तोवर वहिनी, तुम्ही पाहुण्यांना जरा गावात फिरवून आणा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. इंजिनाचं सगळं हेच बघतात. हे म्हणाले, "हं, तापलंय जरा," आणि माझ्याकडे न बघता खाली उतरले.

गावात मी जेमतेम तासभर टिकले. विहीणबाई प्रत्येक दुकानात शिरून वास घ्यायच्या आणि "बरा आहे" म्हणायच्या. शेवटी मी त्यांना धाकटीच्या गळ्यात घातलं, पाव घेतले आणि एकटीच परत आले.

बोटीवर पाय ठेवला आणि तो वास! मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. आईंच्या बंदराचा वास, इथे?

आई बोटीच्या मागच्या बाजूला खुर्चीत बसल्या होत्या, शाल नीट करून, मान उंच करून. त्यांच्या पाठीमागे रंगाची जुनी बादली. बादलीत माशांची आतडी, डोकी, काळपट पाणी, वर ओलं पोतं अर्धवट झाकलेलं आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. मुद्दाम उन्हात ठेवलेली. आणि बादलीच्या मागे केबिनमधला छोटा पंखा, आईंच्या दिशेला तोंड करून, फिरत होता.

मी बादलीकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. भाऊजी आईंच्या शेजारी उभे राहून धक्क्याकडे बघत होते. रिकाम्या धक्क्याकडे.

"दिसतेय का रे?" आईंनी विचारलं.

"नाही आई. अजून नाही."

"आज कारखान्याची घरघर नाही ऐकू येत."

"संप आहे, आई."

"आणि वारा किती गरम आहे रे."

माझ्या हातातले पाव खाली पडले. मी भाऊजींना दंडाला धरून बाजूला ओढलं. "हे काय चाललंय?"

"वहिनी, हळू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. त्या अत्तरवाल्यांना घेऊन तिथे जायचं? लग्न मोडायचंय का पोरीचं? आणि नाहीतरी आईला काय कळतंय? तिला वास हवा, तो दिला."

तिला वास हवा, तो दिला. हे वाक्य ऐकून मला जी शिसारी आली, ती त्या बादलीने आली नव्हती. ह्या माणसाला याच बाईने नऊ महिने पोटात वागवलं होतं!

"आणि ती बाई तिकडे धक्क्यावर बसली असेल तिचं काय?"

"बसेल आणि जाईल घरी."

मी खाली वाकून ओरडले, "अहो! तुम्हाला माहीत होतं हे?" हे इंजिनाशेजारी बसून एकच नट पुसत होते. थंडगार इंजिन. मूग गिळून बसलेले. आमच्या लग्नापासून हे मूग गिळताहेत, एव्हाना पोटात शेत उगवायला हवं होतं.

मी मागे वळले तेव्हा आई मोजे हातात घेऊन कुरवाळत होत्या.

"गेली असणार ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "असती तर आली असती. पाय मोडला असता तरी आली असती." मग मोज्यांची घडी घालत म्हणाल्या, "निरोपसुद्धा नाही दिला कोणी मला."

मी भाऊजींकडे बघितलं. आता तरी बोलेल, मी म्हटलं, आता तरी याच्या तोंडातून फुटेल. जनाची नाही तर मनाची? तो आईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जायचंच असतं गं आई प्रत्येकाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईंच्या समोर गुडघ्यांवर बसले. "आई, ऐका. हे तुमचं बंदर नाहीच. हे अलीकडचं. तुमची मैत्रीण जिवंत आहे, तिकडे वाट बघतेय. तुमच्या मागे घाणीची बादली ठेवलीय भाऊजींनी आणि तिच्यावर पंखा लावलाय."

आईंनी चाचपडत माझा चेहरा धरला. मला वाटलं, समजलं त्यांना.

"वहिनी," भाऊजी दुःखी आवाजात म्हणाले, "कशाला तिला खोटी आशा लावता?"

आणि आई माझे गाल थोपटत म्हणाल्या, "तू मनाची फार चांगली आहेस गं. पण असं खोटं नको बोलूस. माझं वय झालंय, मला सोसतं." मोजे माझ्या हातात कोंबले. "तूच घाल आता हे."

खोटं त्याचं खरं ठरलं आणि माझं खरं खोटं! मी शेजारणीचा नंबर मागितला. "बॅटरी संपलीय," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. विहीणबाईंचा होता. भाऊजींनी तो माझ्यादेखत बंद केला. मी ती बादली उचलली आणि भाऊजींच्या पांढऱ्या बुटांवर ओतली. त्याने काही साधलं नाही, पण हात शांत झाले.

"आई, उठा."

"कुठे?"

"पाय मोकळे करायला."

धक्क्यावर भाजीचा एक टेम्पो रिकामा होत होता. टेम्पोवाल्याला म्हटलं, पुढच्या बंदरापर्यंत सोड बाबा. तो म्हणाला, "त्या घाणीत? माझ्या गाडीला वास लागतो." शेवटी माझ्या तोंडाकडे बघून तयार झाला. पुढे त्याच्या शेजारी मी बसले आणि खिडकीशी आई. वाटभरात एकदाच म्हणाल्या, "तू माझ्यावर रागावलीस का?"

अर्ध्या वाटेवर तो वास आला. बादलीचा वास त्याच्यापुढे काहीच नव्हता. टेम्पोवाल्याने शिवी हासडून काच वर केली. मला नेहमीसारखी मळमळ सुटली. आईंनी आधी मान वळवली, मग सरळ बसल्या, मग काच चाचपत म्हणाल्या, "उघड. उघड ना रे."

कारखाना घरघरत होता. कसला संप न् कसलं काय. उन्हं उतरली होती आणि बाकावर ती म्हातारी एकटी, पाय सुजलेले, डोक्यावर वर्तमानपत्र धरून बसली होती. आम्हाला बघून ती उठलीच नाही. नुसती बघत राहिली, आणि मग सगळा धक्का वळून बघेल अशा आवाजात ओरडली, "मेलीस असं धरून चालले होते मी! सकाळपासून रडतेय इथे!"

आई माझा हात सोडून तिच्या आवाजाच्या दिशेने चालत सुटल्या. बाकाला अडखळल्या, तिच्या अंगावरच पडल्या. दोघी एकमेकींचे चेहरे ओरबाडत होत्या की कुरवाळत होत्या, मला सांगता येणार नाही. मी तोंडाला पदर लावून उभी होते.

"कुठे होतीस? बोट कुठे आहे?" मैत्रीण ओरडली. "काय झालं?"

आईंना आता सगळं कळलं होतं. गोळी, संप, गरम वारा, सगळं. एकेक गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर जाग्यावर बसताना मला दिसत होती. मी म्हटलं, सांगा. सांगा आई, ओरडून सांगा, ऐकू दे गावाला.

आईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि घसा ताणून ओरडल्या, "बोट बिघडली गं! पोरगा सकाळपासून खपतोय बिचारा!"

"कोण, थोरला?"

"नाही, धाकटा! टेम्पो करून त्यानेच पाठवलं मला! फार जीव आहे त्याचा माझ्यावर!"

धक्क्यावरची माणसं कौतुकाने हसली. मी काही बोलणार तोच आईंनी मागे हात करून माझं मनगट शोधलं आणि नखं रुतेपर्यंत दाबून धरलं. मी वाकून तिथेच, धक्क्याच्या कडेला, ओकले. मैत्रीण म्हणाली, "हिला अजून वास सोसत नाही वाटतं." आई म्हणाल्या, "नाही सोसत."