खरेदीखतातली आसावरी

“ही आसावरी कोण?” क्लेटनने विचारलं आणि शोभनाबाईंचा गाळणं धरलेला हात तसाच राहिला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने एक झेरॉक्स ठेवली होती. एकोणीसशे एकोणऐंशीचं खरेदीखत. डोंगरापलीकडच्या काउंटीत शहाण्णव एकर जमिनीच्या पोटात जो काही गॅस असेल, जे काही तेल असेल, त्याचे मालक मोरेश्वर खांबेटे आणि आसावरी खांबेटे, पती-पत्नी. वरची जमीन दुसऱ्याचीच. मोरेश्वररावांनी नुसतं पोट घेतलं होतं, फ्लोरिडाला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून, जुन्या गाडीच्या किमतीत. तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या त्यांच्या गावातली सगळी मराठी घरं हसली होती. वर तंबू ठोकायची सोय नाही आणि हा म्हणे खालचा मालक! सगळ्यांत जास्त हसल्या होत्या त्या शोभनाबाईच.

आता दोन हजार आठ साल होतं. त्या डोंगरांखालच्या खडकात गॅस आहे असा टेक्सासच्या कंपन्यांना शोध लागला होता, आणि त्यांचे लँडमन, म्हणजे जमिनीखालचे हक्क भाडेपट्ट्याने गोळा करत दारोदार फिरणारे लोक, गुळाला मुंगळे लागावेत तसे सगळीकडे लागले होते. क्लेटन त्यांतलाच एक. गोड बोलायचा, बूट दाराबाहेर काढायचा, आलं घातलेला चहा मागून घ्यायचा. मागच्या खेपेला त्यानेच सांगितलं होतं की नवरा गेल्यावर सगळे हक्क बायकोकडे येतात, काळजी नको. मोरेश्वररावांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि आज हा विचारत होता, आसावरी कोण.

“मिसेस खांबेटे, वाईट वाटून घेऊ नका,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “पण मिस्टर खांबेटेंची आधी एखादी बायको होती का?”

शोभनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सदतीस वर्षं ज्या माणसाचे डबे भरले, शेवटी शेवटी ज्याला कुशीवर वळवलं, त्याची आधीची बायको! त्यांनी गाळणं खाली ठेवलं आणि सांगितलं, ती मीच. क्लेटनने मान हलवली, पण ती मान विश्वासाची नव्हती. पासपोर्टवर शोभना, घराच्या कागदांवर शोभना, हॉस्पिटलच्या पेन्शनवर शोभना. मग कंपनीने कशावरून मानायचं? उद्या त्या आसावरीचे वारस उभे राहिले तर? कोर्टात वर्षानुवर्षं जातील. तरीही कंपनी जोखीम घ्यायला तयार आहे, म्हणाला. एकरी चाळीस डॉलर सहीचे, आणि गॅस निघाला तर त्याचा आठवा हिस्सा, जो कायद्याने कुणालाही द्यावाच लागतो. सही शुक्रवारपर्यंत. नंतर कंपनी दुसऱ्या डोंगराकडे वळेल.

चहा मात्र त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मऊ लागलं की कोपराने खणायचं, हे या मेल्यांना टेक्सासात शिकवतात की काय कोण जाणे.

तो गेला आणि शोभनाबाई त्या झेरॉक्ससमोर बसून राहिल्या. खरं सांगायचं तर राग क्लेटनचा होताच, पण त्याहून मोठा राग भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचा होता.

आसावरी हे नाव त्यांना लग्नात दिलेलं. अडुसष्ट सालची गोष्ट. बोहल्यावरून उतरून सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले गेले आणि मोरेश्वररावांनी सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं. नवरीला कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा विचारायचीच पद्धत नव्हती. शेजारच्या बायकांनी नाव घ्यायला लावलं, पेढे वाटले. आणि बी.एस्सी.ची गुणपत्रिका ट्रंकेत घेऊन आलेली ती मुलगी चौथ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, “मी शोभना आहे. आसावरी म्हटलं तर मी ओ देणार नाही.”

आणि नाहीच दिली. सासूबाई हाका मारून दमायच्या, पोळी तव्यावर करपायची, पण ही ढिम्म. घरात आठ महिने धुमसत होतं. शेवटी मोरेश्वरराव आईला म्हणाले, राहू दे, तिचं नाव शोभनाच. त्या एका वाक्यावर शोभनाबाईंनी अख्खा संसार उभा केला. त्या वाक्यासाठी त्यांनी या माणसाचं काय काय माफ केलं होतं! त्याचा कंजूषपणा, त्याचं घोरणं, विद्यापीठाच्या वर्कशॉपमधून घरी आणलेली भंगार यंत्रं. अमेरिकेत आल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं त्या रक्त काढत होत्या, छातीवर शोभना लिहिलेला बिल्ला लावून. अमेरिकन लोक ‘शो’ म्हणायचे. तेही चालायचं. निदान आपल्याच नावाचा तुकडा.

आणि या बाबाने वकिलासमोर बसून, बायको कामावर असताना, खुशाल आसावरी सांगितलं! काय म्हणावं?

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मोरेश्वररावांनी त्यांना आयुष्यात कधी शोभना म्हणून हाक मारलीच नव्हती. आसावरी म्हणूनही नाही. त्यांची हाक एकच. “अगं.” अगं ऐकलंस का, अगं चष्मा कुठाय, आणि हॉस्पिटलात अगदी शेवटी, नळ्या लावलेल्या असताना, नुसतंच अगं. त्या ‘अगं’च्या आड हा माणूस मनात कुठलं नाव घेत होता, ते समजायला काही मार्गच नव्हता. त्या समजत होत्या आपण जिंकलो. आणि हा आईला एक सांगून, बायकोला एक दाखवून, कागदावर तिसरंच करून बसला होता. भांडायचं तर भांडणार कुणाशी? फोटोशी?

संध्याकाळी परीक्षितचा फोन आला. मुलगा अ‍ॅशबर्नला, डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “आई, it’s free money. आपण त्यात काय इन्व्हेस्ट केलंय? साइन करून टाक ना, यार.” मग जरा थांबून त्याने हळूच विचारलं, “But who is Asavari? बाबांचं आधी कुणी...”

शोभनाबाईंनी फोन ठेवून दिला. पोटच्या पोराला आईचं दुसरं नाव माहीत नाही आणि संशय मात्र बरोबर क्लेटनचाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विनीताला गाडीत घातलं. विनीता शेजारच्या गल्लीतली, पण मूळची सासरच्या वाडीतली, त्या तांदळाच्या ताटाभोवती उभ्या असलेल्या पोरींपैकी एक. तासभर डोंगर ओलांडून दोघी पलीकडच्या कोर्टहाउसला पोचल्या. नोंदणीच्या खोलीत जत्रा भरली होती. लँडमनची पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली, जुने दस्त कपाटांतून खाली काढलेले. रांगेत पुढे एक जाडजूड बाई होती; बोलता बोलता कळलं, शोभनाबाईंच्या शहाण्णव एकरांना लागूनच तिचा गोठा. शोभनाबाईंनी सरळ विचारलं, तुम्हाला काय देतायत?

“एकवीसशे एकरी,” ती म्हणाली, “आणि पंधरा टक्के. तुम्हाला?”

शोभनाबाईंनी सांगितलं नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. कुंपणाच्या एका बाजूला एकवीसशे आणि दुसऱ्या बाजूला चाळीस. खडक एकच, गॅस एकच. फरक एवढाच की या बाजूच्या बाईच्या नावात एक खोट सापडली होती.

खिडकीवरच्या कारकून बाईने मात्र खरेदीखत पाहून खांदे उडवले. हे रोजचंच आहे, म्हणाली. कुणी टोपणनाव लिहितं, कुणी माहेरचं. एक साधं प्रतिज्ञापत्र करा की दोन्ही नावांची बाई एकच आहे, ओळखणाऱ्या कुणाची तरी सही घ्या, नोंदवा, झालं. अर्ध्या तासाचं काम. क्लेटनला हे माहीत नसेल? त्याला चांगलंच माहीत होतं. म्हणून तर शुक्रवारची घाई.

विनीताने पर्समधून एक काळा-पांढरा फोटो काढला. तिने तो जपून ठेवला होता आणि आज आठवणीने आणला होता. ताट, तांदूळ, त्यात उमटलेली अक्षरं, आणि बाजूला खाली मान घातलेली नवरी. कारकून बाईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे, भात?

“नाव आहे,” विनीता म्हणाली. “लग्नात आमच्याकडे असं नाव देतात. मी तिथे होते.”

कारकून बाईने पुढे विचारलं, बाईसाहेब हे नाव वापरायच्या का? विनीताने शोभनाबाईंकडे बघितलं. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण ते उत्तर शोभनाबाईंनी एवढी वर्षं दिलं नव्हतं. ‘मी आसावरी नाही’ यावर त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या, आणि आता हक्काचं हवं असेल तर हात वर करून शपथेवर म्हणायचं होतं, आहे. नाही म्हटलं तर चाळीस डॉलर. सासूबाई वर बसून पदराआड हसत असतील, असं त्यांना वाटलं. आठ महिन्यांत जे जमलं नाही ते म्हातारीने मरून वीस वर्षांनी करून घेतलं.

“दिलेलं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “माझंच.”

त्यांनी हात वर केला. शपथ घेतली. नोटरीने जागा दाखवली, दोन्ही नावांच्या सह्या इथे. शोभना अशी सही झरकन झाली. दुसरी करताना पेन अडलं. हे नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं, ना मराठीत ना इंग्रजीत. नवीन अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखं एकेक अक्षर काढावं लागलं. विनीता खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी क्लेटन आला. बूट काढले, बसला, चहाची वाट बघू लागला. चहा आला नाही. शोभनाबाईंनी शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “एकवीसशे आणि पंधरा टक्के. कुंपणापलीकडे दिलेत तेवढेच.”

तो बोलत सुटला. भाव उतरतायत, कंपनी विचार करतेय, रस्ता लांब आहे, वगैरे वगैरे. शोभनाबाई गप्प. रक्त काढताना त्या हेच करायच्या. पेशंट कितीही बडबडला तरी आपण बोलायचं नाही, दंडाला पट्टा बांधायचा आणि शीर वर येईपर्यंत थांबायचं. त्यांनी टेबलावर हात ठेवले आणि थांबल्या. पाच मिनिटांनी तो फोन घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याने चाळीसचा कागद बॅगेत टाकला आणि दुसरा काढला. म्हणजे दुसरा तयारच होता! बॅगेतच होता, पहिल्या दिवसापासून. गोड बोलून, चहा पिऊन, नवऱ्यावर चिखल उडवून हा माणूस तो कागद बॅगेत दाबून बसला होता.

त्यांना त्या क्षणी त्याला घराबाहेर काढावंसं वाटलं. पण त्यांनी प्रत्येक पान वाचलं, विनीताच्या नवऱ्याने, गुरुनाथने, सुचवलेल्या दोन ओळी घालायला लावल्या, आणि मग सह्या केल्या. जिथे जिथे लागतील तिथे दोन्ही.

“चेक कुणाच्या नावे काढायचा?” क्लेटनने विचारलं. आता त्याचा आवाज अगदी सरळ होता.

“शोभना,” त्या म्हणाल्या. “लिहा. एस, एच, ओ, बी, एच, ए, एन, ए.” त्याने लिहिलं. “वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. त्याने वाचलं. चुकला. पुन्हा वाचायला लावलं.

तो गेल्यावर त्यांनी परीक्षितला फोन केला आणि काय ठरलं ते सांगितलं. तो “वॉव, आई” म्हणाला. मग त्यांनी त्याला ते दुसरं नावही सांगितलं, कुणी दिलं आणि कसं, ते सगळं. तो म्हणाला, “तुला कुणी विचारलंच नाही?” शोभनाबाई म्हणाल्या, नाही रे, आणि फोन ठेवला.

स्वयंपाकाची वेळ झाली होती. त्यांनी डब्यातून तांदूळ काढले आणि का कोण जाणे, मोठ्या ताटात पसरले. अंगठी त्यांच्या बोटात आता बसत नव्हती. तर्जनीनेच लिहिलं. शोभना. अक्षर सुरेख आलं. त्यांनी फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अहो. दिसतंय ना?”

मग त्यांनी ताट डब्यात उपडं केलं. एकटीपुरते, अर्धी वाटीच लागायचे.