खालच्या मजल्यावरचा खोकला

“ती पेटी माझ्या दुकानात उघडायची नाही,” इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने ओल्या कॉलरवर इस्त्री अशी दाबली, की चर्रकन वाफ उठली.

लसींची पेटी खांद्याला लावलेली नर्स दारातच थांबली. “बाई, मुलीचे डोस राहिलेत. डांग्या खोकला पसरतोय सगळीकडे.”

“पहिल्याच डोसाला मांडी टम्म फुगली होती तिची. तापाने फणफणली होती. तेव्हा तुम्ही आला होता का बघायला?”

“ताप एखाद-दोन दिवसांचा असतो. हा खोकला मात्र…”

“खोकल्याने कोणी मरत नाही. निघा, कपडे खोळंबलेत.”

तिच्या इस्त्रीपेक्षा तिची जीभ जास्त तापते, असं गल्लीत म्हणत. खोटं नव्हतं ते. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी उगवणारा. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, त्याचं लग्न लावलं, वरची खोली त्याला दिली. सगळं एकटीने ओढलेल्या बाईला दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे हार वाटायची.

थोड्याच दिवसांत तिची मुलगी, चिमणी, शिंकायला लागली. मग बारीक खोकला सुरू झाला. वर भावजय नुकतीच बाळंत झालेली. ती जिन्यावरूनच म्हणाली, “ताई, चिमणीला थोडे दिवस वर नका पाठवू. हात जोडते. बाळाचं अजून लस द्यायचं वय नाही.”

“माझी पोर काय उकिरड्यावरून उचलून आणलीय?”

“ताई, तसं नाही हो…”

“मग कसं? माझ्याच घरात मला बंदी?”

संध्याकाळी भावजय न्हाणीघरात आहे असं बघून इस्त्रीवाली चिमणीला घेऊन मुद्दाम वर गेली आणि बाळ लेकीच्या मांडीवर ठेवलं. “घे, तुझाच भाऊ आहे.” चिमणी हरखली. तिने बाळाचा पापा घेतला आणि मान वळवायच्या आत खोकली. भावजय पदराला हात पुसत दारात उभी होती. बाळ उचलून तिने छातीशी धरलं.

मग चिमणीचा खोकला बळावला. एकदा सुरू झाला की थांबेचना. तोंड लालबुंद, डोळे बाहेर आलेले, आणि शेवटी घशातून हूऽऽप करत ओढलेला लांब श्वास. मागोमाग उलटी. इस्त्रीवाली मध चाटवी, पाठ चोळी आणि गिऱ्हाइकांना सांगे, “सर्दी आहे, दुसरं काय!”

एका दुपारी वरून किंकाळी आली. ती जिना चढतेय तोच भाऊ बाळाला घेऊन धावत खाली आला. बाळ खोकत नव्हतं. रडतही नव्हतं. नुसतं गप्प होतं आणि ओठ निळे पडले होते. भावाने त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे एक श्वास आला.

इस्पितळात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. एवढ्याशा नाकात नळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात कोणी खोकत होतं?”

भाऊ भिंतीकडे बघत राहिला.

“माझी मुलगी,” इस्त्रीवाली म्हणाली.

“लस दिली होती तिला?”

“एकच डोस. पुढचे मी देऊ दिले नाहीत.”

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना औषध लिहून दिलं आणि त्या आत गेल्या. मग भावजय हळूच बोलली, “मी हात जोडले होते तुम्हाला.” आजवर तिच्या तोंडून ‘ताई’शिवाय वाक्य सुरू झालं नव्हतं. “मी हात जोडले, म्हणून तुम्ही मुद्दाम आणलंत तिला.”

इस्त्रीवालीने औषधाची चिठ्ठी उचलली आणि ती औषधं आणायला निघाली.

बाळ वाचलं. फार दिवस लागले. पण भाऊ-भावजय इस्पितळातून परस्पर दुसऱ्या घरी राहायला गेले. सामान न्यायला भाऊ एकटाच आला. गादी गुंडाळताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

“माझ्याशी बोलणारच नाहीस का रे?”

“तू मला वाढवलंस,” तो दोरी आवळत म्हणाला, “म्हणून गप्प आहे. बोलायला लावू नकोस.”

चिमणीचा खोकला कित्येक आठवडे रेंगाळून थांबला. ती पुरती बरी झाल्यावर इस्त्रीवाली दुकान बंद करून तिला दवाखान्यात घेऊन गेली. तीच नर्स होती. तिने ओळखलं, पण “बसा, नंबर येईल,” एवढंच म्हणाली. लसीकरणाचा दिवस, कडेवर पोरं घेतलेल्या बायांची ही गर्दी. बाकाच्या टोकाला कशीबशी जागा मिळाली.

तेवढ्यात दारातून भावजय आली. कुशीत बाळ. वाळलेलं, पण डोळे टकटक उघडे. दोघींची नजरानजर झाली.

इस्त्रीवाली उठली. चिमणीला घेऊन समोरच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. “बस तिथे,” ती म्हणाली. “बाळ घेऊन उभी नको राहूस.”

भावजय बसली नाही. बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती दाराशीच उभी राहिली.

“आई, बाळ!” म्हणत चिमणी पुढे झेपावली. इस्त्रीवालीने तिचा हात घट्ट धरून मागे ओढला.

“इथे कोणी बसलंय का?” एका नव्याने आलेल्या बाईने बाकाकडे बोट दाखवून विचारलं.

इस्त्रीवालीने भावजयीकडे पाहिलं; भावजय बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली.