झाकण

एप्पोने डबा उघडला, पाहुणीच्या बशीत एक बिस्कीट ठेवलं, बहिणीच्या बशीत एक ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. पाहुण्याला एका कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं. घरचे आपापला हात डब्यात घालतात.

खेस्के याच घरात जन्मली होती. लग्नानंतर सगळं आयुष्य रॉटरडॅममध्ये गेलं आणि नवरा वारल्यावर ती ग्रोनिंगेनच्या या गावात भावाकडे परतली. तेव्हापासून तिच्या बशीत रोज एकच बिस्कीट पडत होतं. तिला ते फार लागायचं. पण बिस्किटावरून भावाशी भांडायचं तरी कसं?

बाहेरच्या धुक्यात बांध, गाई, चर्चचा मनोरा, सगळं विरघळलं होतं. स्वयंपाकघर तेवढं कुठेतरी हळूहळू वाहत चालल्यासारखं वाटत होतं.

पाहुणी निन्के विद्यापीठातली. वाक्याच्या शेवटी गावची माणसं कोणतं क्रियापद आधी घेतात, ते टिपायला आली होती.

“तुमच्या बोलीत म्हणा. मला ठाऊक आहे, की त्याने दार लावलेलं आहे.”

“की त्याने दार लावलेलं आहे,” एप्पो म्हणाला.

“की त्याने दार आहे लावलेलं,” खेस्के रॉटरडॅमच्या वळणाने म्हणाली आणि तिचे कान तापले.

निन्केची पेन्सिल थांबली. “राग मानू नका हं. पण गाव न सोडलेलीच माणसं आम्हाला चालतात. तुम्ही बरीच वर्षं बाहेर होतात का?”

खेस्केने कपातली कॉफी उगाच ढवळली. म्हणजे इथेही आपण पाहुणीच.

“बाहेर कुठली?” एप्पो म्हणाला. “बाजारात गेली होती.”

“आणि बोलणं बदलून आल्या?”

“रांग मोठी होती. त्यात हिला गप्पांची हौस.”

निन्के हसू दाबत म्हणाली, “मग मी लिहू काय?”

“लिहा, या घरात दोन्ही बोलतात.”

पेन्सिल पुन्हा चालू लागली. खेस्केला धुक्यात कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. लहानपणी ऐकायची, तीच असावी असं वाटलं.

एप्पोने दुसरी कॉफी ओतली. निन्केच्या बशीत बिस्कीट ठेवलं. खेस्केच्या बशीत काहीच ठेवलं नाही.

ती रिकाम्या बशीकडे बघत राहिली.

“बघतेस काय?” एप्पो कुरकुरला. झाकण टेबलावरच पडलं होतं. “तुला हात नाहीत?”

खेस्केने डब्यात हात घातला. बोटांना कितीतरी बिस्किटं लागली. कोणतं घ्यावं, ते तिला लवकर ठरवता येईना.