एकशे बाराचा भात

माझा धाकटा भाऊ भाताचा डॉक्टर आहे असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण खरंच तो जन्मभर भाताच्या रोपांचीच नाडी बघत आला. संशोधन केंद्राच्या आवारात, वाफ्यांना लागून दोन खोल्या आहेत, तिथे तो राहतो. कामावरचे लोक त्याला पाठीमागे ‘लोंबी’ म्हणतात, कारण तो उंच आहे आणि मान खाली घालून चालतो. हे त्यालाही ठाऊक आहे. राग नाही का येत, असं मी विचारलं, तर म्हणाला, “ओंबी म्हणाले असते तर आला असता. ती गव्हाची.”

मी त्याच्याकडे गेले ती दाढांसाठी. तिथल्या दंतवैद्याचा हात हलका आहे असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं, आणि मला दवाखान्यात न्यायला माझ्या मुलाला नि सुनेला काही रजा मिळत नव्हती. म्हटलं, दाढेचंही होईल आणि भावाशी चार गोष्टीही होतील. दाढेचं झालं. गोष्टींच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला.

त्या घरात जेवायच्या टेबलाजवळ दोन खुर्च्या होत्या, पण एकीवर तांदळाच्या नमुन्यांच्या पिशव्या रचलेल्या. मी आले म्हणून त्याने त्या उचलल्या आणि हातात धरून उभाच राहिला. कुठे ठेवायच्या ते त्याला सुचेना. शेवटी त्या पलंगावर गेल्या, आणि माझं जेवण होऊन मी उठले तशा पुन्हा खुर्चीवर आल्या. मी तिथे होते तितके दिवस हे असंच चाललं. ताट एकच होतं. माझ्यासाठी त्याने प्रयोगशाळेतून एक स्टीलचा ट्रे आणला, धुऊन पुसून, आणि स्वतः त्यात जेवला. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, पण मी दाढ दुखतेय म्हणाले.

त्याचं लग्न झालं होतं. बायको दोन हंगाम राहिली. भांडणतंटा काही नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं की याच्याशी बोलायचं तर आधी रोप व्हावं लागतं. त्यात खोटं काही नव्हतं. भाताचं फूल सकाळी उन्हं वर आली की तासभर उघडतं आणि मिटतं. दोन जातींचा संकर करायचा तर आदल्या दिवशी एकीच्या लोंबीतल्या दाण्यादाण्याचं टोक कात्रीने कापायचं, आतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, वर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या तासाभरात दुसरीचे परागकण तिच्यावर झटकायचे. तो तास चुकला की गेलं. माझ्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त नेमका त्या तासावर पडला. मामा आला नाही. मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

इतकी सगळी वर्षं घालून त्याने जे उभं केलं, त्याचा नंबर एकशे बारा. नाव नव्हतं, कारण वाणाला नाव मिळतं ते मंजुरी मिळाल्यावर. पण गडी काय होता! पूर आला, रोपं आठवडाभर पाण्याखाली बुडाली, बाकीचे वाफे कुजून गेले, आणि पाणी ओसरल्यावर हा चिखलातून पुन्हा हिरवा होऊन उभा. वाऱ्याने लोळत नाही, दाणा भरतो, रोगाला दाद देत नाही. मला वाफ्यावर नेऊन हे सगळं त्याने दाखवलं तेव्हा त्याची मान पहिल्यांदा वर होती. त्या आठवड्याच्या अखेरीला मंजुरीची बैठक होती आणि वर्षाअखेर तो निवृत्त होणार होता. या बैठकीत एकशे बारा पास झाला तर त्याचं बियाणं शेतांत जाणार. नाही झाला तर दुरुस्त करायला आणखी कितीतरी वर्षं लागली असती, आणि ती याच्यापाशी नव्हती.

फक्त एक खोट निघाली होती. तांदूळ शिजवून खाऊन बघायला काही घरांत दिला होता, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांतून उत्तर आलं की भात टोचतो. हा म्हणायचा, पाणी कमी घातलं असेल. शिजवायच्या चाचणीत एकशे बाराचा आकडा काठावर पडला होता, धड अलीकडे नाही, धड पलीकडे नाही. अशा वेळी तोंडाने निकाल लावायचा अशी त्यांची रीत. केंद्रात पातेलं उतरलं की चव बघणारी मंडळी चमचे घेऊन ओळीने उभी राहतात, आणि त्यात शेवटचा शब्द माझ्या भावाचा, कारण तो घरीसुद्धा दुसरं काही खात नाही. सगळ्यांनी भात मऊ आहे असंच सांगितलं होतं. मीही पहिल्या दिवशी खाल्ला. वाफाळता, मोकळा, तोंडात विरघळणारा. माझ्या दुखऱ्या दाढेलाही तो कळला नाही. मी म्हटलं, लोकांचं काय घेऊन बसलास, फुकट दिलेल्या गाईचेही दात मोजतील. त्याला बरं वाटलं. आम्ही दोघांनी मिळून त्या घरांतल्या बायकांची यथेच्छ टिंगल केली.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी माझी दाढ काढली. दंतवैद्याने बजावलं की आज गरम काही तोंडात घालायचं नाही, गार आणि मऊ तेवढंच खा. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. त्याने ते ऐकलं आणि घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरला. मी पडून होते, गाल बधिर. तो एकशे बारा धूत होता, मोजून पाणी घालत होता. भात झाल्यावर त्याने पातेलं खिडकीत नेऊन ठेवलं, वर ताटली झाकली, आणि मला येऊन सांगितलं, “तू झोप. निवला की उठवतो.” आपल्यासाठी कुणी भात निववतंय, हे मला फार गोड वाटलं. घरी मला निववावा लागत नाही, तो निवलेलाच असतो.

संध्याकाळी उठवलं. ताट मला, ट्रे त्याला. भातावर दूध. मी पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले. शीत न् शीत वेगळं, आणि प्रत्येकाला जणू हाड. जखमेला लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूला घेतला, तर तिथेही टोचला. मला वाटलं, माझं तोंडच आज ठीक नाही. मी दूध जास्त ओतलं, चमच्याने चेपलं, आणि गिळायला लागले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ती सवय मला चांगली आहे.

“दुखतंय?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “तोंड सुजलंय रे. भात छान आहे.”

त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, चेपून ठेवलेल्या भाताकडे. मग ट्रेमधला एक घास कोरडाच तोंडात टाकला. तो चावत होता आणि चावता चावता थांबला. थोडा भात बोटांनी उचलून त्याने चिमटीत दाबला. शीत दबलं नाही, तुटलं. त्याने दुसरं दाबलं. तिसरं दाबलं. मी बघत होते. हा माणूस रडणार असेल तर रडेना का, पण काहीतरी बोलू दे, असं मला झालं.

मी म्हटलं, सकाळी गरम असतानाच चाखायचास, तेव्हा लोण्यासारखा असणार. उद्या बैठकीतही गरमच वाढतील, कुणाला कळतंय. हे मी का बोलले ते मला ठाऊक आहे. तो एकशे बारा मला भाच्यासारखा झाला होता.

तो म्हणाला, “ताई, मी भात केला की लगेच खातो. कुणी यायचं नसतं. उरलेला कधी ठेवलाच नाही मी. वाट बघून जेवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मग ट्रे बाजूला सारून म्हणाला, “त्या घरांत कुणीतरी शेवटी जेवत असेल. त्यांनी लिहिलं असेल ते.”

तीन दिवसांपूर्वी मी त्याच बायकांची टवाळी केली होती, आणि मला तर कळायला हवं होतं. पण पाहुणी म्हणून आल्यापासून मी गरमच जेवत होते. चार दिवसांत माणूस विसरतो.

दुसऱ्या दिवशी तो बैठकीला गेला. दुपारी परतला तेव्हा मी दारातच उभी होते. त्याने सांगितलं, पातेलं उतरलं, चमचे आले, सगळ्यांनी मान डोलावली. संचालकांनी तर मंजुरीचा कागद पुढे ओढला होता. तेव्हा हा उठून म्हणाला की हा भात झाकून ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा चाखा. लोकांना वाटलं विनोद आहे. संचालक म्हणाले, संध्याकाळी गाड्या पकडायच्या आहेत. मग याने एकशे बारा आपणहून मागे घेतला. कुणी फार आग्रह केला नाही. प्रयोगशाळेतल्या बाई तेवढ्या म्हणाल्या की सर, पूर आला तर लोकांना हाच वाचवणार होता. हे वाक्य त्याने मला दोनदा सांगितलं.

मी त्याला चल म्हटलं, माझ्याबरोबर चल, निवृत्त झालास की आमच्याकडेच राहा, घर भरलेलं आहे, दोन घास जास्त. तो म्हणाला, बघू. मी निघाले त्या दिवशी बसपर्यंत आला. बस सुटली तसा लगेच वळला आणि मान खाली घालून चालू लागला. हात हलवायचा राहून गेला, त्याचाही आणि माझाही.

घरी आले. आमचं घर भरलेलं आहे ते खरं. मुलगा लवकर जेवून जातो, सून तिच्या वेळेला, नातवंडं मोबाइल बघत आपापल्या खोलीत. स्वयंपाक मी करते, सगळ्यांचं वाढते, आणि शेवटचा जण जेवला की ओटा पुसून बसते. नव्या दाढेचं माप घेऊन झालंय, म्हणजे चावायची चिंता नाही.

मी अधूनमधून फोन करायची. तो म्हणायचा, बरं आहे. एकदा मात्र त्याने नेहमीपेक्षा जास्त सांगितलं. एकशे बारा आणि एक जुना मऊ वाण यांचा संकर त्याने करून टाकलाय. निवृत्तीपर्यंत पहिली पिढी हाती येईल, पुढचं प्रयोगशाळेतल्या बाई बघतील. शिवाय फडताळात पूर्वीचे कितीतरी नमुने पडून होते, तेही आता चाखून बघतोय. रोज सकाळी पाच-सहा वाट्यांत भात करायचा, प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीवर झाकण, टेबलावर ओळीने ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं.

“मग दिवसभर काय करतोस?” मी विचारलं.

“थांबतो,” तो म्हणाला.

मला ते टेबल दिसलं. सहा वाट्या झाकून ठेवलेल्या, आणि येणारं कुणी नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अरे मग गरम भात जेवतोस की नाही. तो म्हणाला, आता गरम खाऊन उपयोग नाही, तोंड बिघडतं.

मग त्याने विचारलं, “ताई, तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मुलाने नाही, सुनेने नाही, मुलाच्या वडिलांनी तर नाहीच.

“मीच,” मी म्हटलं.

“एकटी?”

“हो.”



“मग तेव्हा फोन करत जा,” तो म्हणाला. “मीही तेव्हाच खातो.”