पाठीकडचं घर

फाउलर गावातल्या त्या घराच्या मागच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली कुणी पाहिली नव्हती. थोरला मुलगा वाहान नदीवर गेला त्या दिवसापासून सिरानुशने ते दार नुसतं लोटून ठेवलं. जून महिना होता, डोंगरावरचं बर्फ वितळून किंग्ज नदी दुथडी भरून चालली होती आणि वाहानला एकोणिसावं लागलं होतं. नदीने त्याला नेलं ते नेलं, परत दिलं नाही. शोधणारे दमून घरी गेले, पाद्रीबाबा प्रार्थना म्हणून गेले, आणि सिरानुश दारात दिवा ठेवून गुणगुणायला लागली:

*दारीच्या दिव्या, जळ जळ हळू बाई*
*पाण्यावरच्या वाटेला पाऊलखूण नाही*

वाहानची धाकटी बहीण अराक्सी तेव्हा बारा वर्षांची होती. आता तिने पन्नाशी ओलांडली होती. ती टीव्हीच्या मालिका लिहायची, लॉस एंजेलिसमध्ये राहायची. द्राक्षमळे विकले गेले, घर पाडून तिथे रस्ता झाला. सिरानुश ग्लेंडेलच्या वृद्धाश्रमात होती. तिच्या आठवणींचे टाके एकेक करून उसवत चालले होते. एक टाका मात्र घट्ट होता. लेक भेटायला आली की ती हात धरून म्हणायची, "अराक्सी जान, मला घरी ने. दार उघडं आहे गं. तो येईल आणि घरात कुणी नसेल."

"नेते, आई."

"कधी?"

"लवकरच."

हे 'लवकरच' अगदीच खोटं नव्हतं. अराक्सीने त्या घराची मालिका लिहिली होती आणि बरबँकच्या एका स्टुडिओने ती घेतली होती. भल्यामोठ्या शेडमध्ये स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. निळा रंग उडालेलं कपाट, भिंतीवर लाल गालिचा, मागचं दार, आणि दाराबाहेर पडद्यावर रंगवलेले द्राक्षमळे. एकदा चित्रीकरण सुरू झालं की आईला तिथे आणायचं, त्या टेबलाशी बसवायचं आणि म्हणायचं, बघ, आलीस घरी. अराक्सीला एवढंच हवं होतं. बाकी मालिका चालो न चालो.

शेवटचा प्रसंग तेवढा लिहायचा राहिला होता. दार वाजतं, आई उठते, दार उघडते. पुढे काय, ते अराक्सीला सुचत नव्हतं.

आणि एक गोष्ट होती, जिचं या धंद्यात कुणाला काही वाटत नाही. स्वयंपाकघर उलटं होतं. कॅमेऱ्याला डावीकडून जागा हवी, म्हणून नेपथ्य करणाऱ्या लोवेलने हातमोजा उलटा करावा तसं सगळं घर फिरवलं होतं. चूल उजवीची डावीकडे, खिडकी डावीची उजवीकडे. अराक्सीने मान डोलावली होती. बघणाऱ्याला कुठे कळणार? तिच्या अंगाला मात्र कळत होतं. दर वेळी आत शिरली की टेबलाचा कोपरा तिच्या कमरेत बसायचा.

चित्रीकरण दोन आठवड्यांवर आलं आणि स्टुडिओतून कोल्टरचा फोन आला. वयाने तिच्या निम्मा होता, पण आवाजात पिकलेपण आणून बोलायचा.

"अराक्सी, बंद करत नाही आहोत आपण. तूर्त बाजूला ठेवतोय."

"म्हणजे बासनात गुंडाळताय."

"असं नका म्हणू. तुमच्या लेखक संघटनेचा संप झाला, तर मधेच एक वाक्य बदलायचं म्हटलं तरी कुणी लेखणीला हात लावणार नाही. मग काय करायचं?"

"अजून संप झाला कुठे? मतदानसुद्धा व्हायचंय."

"होऊ शकतो ना," कोल्टर म्हणाला. "तुम्ही तरी नाही म्हणून मत देणार आहात का?"

ती संपाच्या बाजूने मत देणार होती. तिच्यासोबतच्या तरुण पोरांवर घरभाड्यापायी गाडीत झोपायची वेळ आली होती. त्यांच्याकडे पाठ फिरवून तिला आईला घरी नेता येणार नव्हतं.

तिने लोवेलला गाठलं. तो भिंतींच्या मागच्या टेकूंवर खडूने आकडे टाकत होता. काम थांबलं की भिंती सुट्या करायच्या, एकावर एक मिटून गोदामात ठेवायच्या, पुन्हा बोलावणं येईल म्हणून. बोलावणं बहुधा येत नाही.

"पाऊस येईल म्हणून घरातच छत्री उघडून बसलेत," लोवेल म्हणाला. "आणि भिजलं कोण? आपण."

"लोवेल, माझी आई..."

"माहितीय गं. वर्षभर तेच ऐकतोय." त्याने खडू खिशात टाकला. "उद्या दुपारी माणसं जेवायला जातात. तेवढा वेळ तुझा. पण आल्यावर मला तोडायला लागेल हं, तेव्हा रडायचं नाही."

"कोण रडतंय?"

"मी," लोवेल म्हणाला. "ते कपाट मी स्वतः घासलंय."

दुसऱ्या दिवशी सिरानुशने काळा झगा घातला, केस विंचरून घेतले आणि लेकीचा हात धरून ती शेडमध्ये आली. वर टांगलेल्या दिव्यांकडे बघून थबकली.

"एवढे दिवे? लग्न आहे का कुणाचं?"

"नाही, आई. आपण घरी आलोय."

सिरानुश आत शिरली. कपाटावरून हात फिरवला. गालिच्याची झालर बोटांत धरली. मग चुलीकडे वळली आणि तिथे भिंत लागली. ती उभी राहिली. अराक्सी मागून पुढे झाली. चुकलंच. फसवणूक पकडली हिने.

"चूल इकडे कशी?"

"आई, ते कॅमेऱ्यासाठी..."

"आणि खिडकी तिकडे." म्हातारी हळूहळू स्वतःभोवती फिरली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेतात हरवलेली सुई सापडावी तसं काहीतरी होतं. ती गालिच्याशी गेली आणि त्याचा कोपरा उचलून उलटा केला.

"हे बघ. पुढून फूल उजवीकडे. पाठीकडून बघितलं तर?"

"डावीकडे," अराक्सी म्हणाली.

"फूल तेच ना?"

"तेच."

"मग? पाठीकडून आलो आपण." तिने गालिचा सोडला, तळव्याने सारखा केला. "गेलेली माणसं आपल्याला पाठीकडून बघतात, पोरी. मी इतकी वर्षं पुढच्या बाजूला बसून राहिले. तिथून दिसायचा कसा तो?"

शेडमध्ये कुणी नव्हतं. अराक्सीने थर्मासमधली कॉफी लहान पेल्यांत ओतली, कारण त्या चुलीला विस्तव नव्हता आणि त्या नळाला पाणी नव्हतं. दोघी टेबलाशी बसल्या. पेला ओठाशी नेता नेता सिरानुश थांबली, कान देऊन. मग टेबलाला धरून उठली आणि मागच्या दाराशी गेली. तिने दार उघडलं.

बाहेर रंगवलेले द्राक्षमळे होते. बसल्या जागेवरून अराक्सीला तेवढेच दिसले.

"आलास?" सिरानुश म्हणाली. तिची मान वर झाली होती, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघताना होते तशी. "पाय पूस आधी. किती भिजलायस. ही बघ कोण बसलीय, ओळखलीस का? म्हातारी झालीय तुझी बहीण."

ती बाजूला सरकली, वाट दिली. आणि अराक्सीच्या लक्षात आलं की आपणही पाय टेबलाखाली ओढून घेतलेत, कुणीतरी जवळून जाताना घ्यावेत तसे.

मग सिरानुशने दार लावलं. कडी घातली. लोखंडाचा आवाज त्या रिकाम्या शेडमध्ये फिरून आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसताना ती गुणगुणत होती, पण शब्द बदलले होते:

*दारीच्या दिव्या, आता विझ विझ बाई*
*घरी आलं लेकरू, वाट पाहायाची नाही*

लोवेलची माणसं जेवून आली. आईला गाडीत बसवून अराक्सी परतली, तेव्हा लोवेल दाराशी उभा होता.

"ही कडी काढू ना? दार वेगळं करावं लागेल."

"नको. आहे तसं ने."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माणसांना खूण केली. दाराची भिंत कडीसकट मिटून गेली.

संप झालाच नाही. अगदी अखेरच्या रात्री समेट झाला, सकाळी लेखकांनी एकमेकांना फोन करकरून आनंद केला. अराक्सीने कोल्टरला फोन लावला. त्याच्याकडे तोवर दुसऱ्या मालिका आल्या होत्या. "हंगाम निघून गेला हो," तो म्हणाला. न आलेल्या पुराने घर नेलं होतं.

सिरानुशने मात्र पुन्हा कधी 'घरी ने' म्हटलं नाही. आश्रमातल्या बायका म्हणत, म्हातारी निवांत झाली. अराक्सीलाच झोप लागेना. पडल्या पडल्या वाटायचं, सगळे आत आहेत. आपल्या मागे कडी लागली आहे, आणि आपण बाहेर राहिलो आहोत.

पानगळीत लोवेलने बोलावलं. गोदाम रिकामं करायचं होतं, सगळं मोडीत जाणार होतं. ती सन व्हॅलीच्या गोदामात गेली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. भिंत इतर भिंतींना टेकून उभी होती, दाराची बाहेरची बाजू तिच्याकडे. मागे जायला वाट होती. दोन पावलं फिरून गेली असती तर आतून कडी काढता आली असती. ती गेली नाही. कडी काढली तर कोण बाहेर पडेल, हे तिला माहीत होतं.

ती दारासमोर उभी राहिली आणि तिने वाजवलं. बोटांच्या पेरांनी दोनदा, मग बुटाच्या टोकाने एकदा. वाहान असंच वाजवायचा, द्राक्षांनी हात भरलेले असले की. मालिकेत तिने हे लिहिलं नव्हतं. कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

ती थांबली. आत काहीच हललं नाही.

"काय करू याचं?" लोवेलने लांबून विचारलं.

"चौकटीसकट माझ्याकडे पाठव. कडी उघडायची नाही."

"ठेवशील कुठे?"

"बघू. जागा करेन."

तिथून ती थेट ग्लेंडेलला गेली. सिरानुश खिडकीशी बसली होती. समोर कॉफीचे तीन पेले मांडले होते, एक पालथा.

"ये, बस," आई म्हणाली. "आज कुणीतरी दार वाजवत होतं."

अराक्सीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कसं?"

सिरानुशने टेबलावर पेरं आपटली, दोनदा. मग टेबलाखाली, सपाता घातलेल्या पायाने, एकदा.

"मी उठत होते. वाहान म्हणाला, बस गं आई, ती अराक्सी असणार, माझी नक्कल करतेय. इतक्यात नको उघडू. तिचं लिहायचं राहिलंय अजून."

"आणि मग?"

"मग काय?" सिरानुशने पालथ्या पेल्यावर हात ठेवला, निजलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. "तुझा पेला घासून ठेवलाय. आत ये सावकाश."