घुशींची भिंत

हिंमतरावांच्या म्हशीच्या वगारीचा खूर उंदरांनी कुरतडला, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. वैरणीचं कुटार नासवलं, ते सोसलं. सरकीच्या ढेपेचं पोतं खालून फाडून पार भुगा केला, तेही सोसलं. पण तीन महिन्यांची वगार सकाळी एक पाय उचलून धरून उभी, आणि खुराच्या मऊ भागातून रक्त! म्हैस तर उंदरांच्या मुताच्या वासानं कुटारापुढून तोंडच फिरवायची. दूध निम्म्यावर आलं होतं. लेकरासारखी वाढवलेली जनावरं, आणि ही घाण त्यांना जित्तेपणी खाते म्हणजे काय!

अमडापूरच्या बाजारातून पिंजरा आणला, त्यात दोन दिवसांत एक चिचुंद्री सापडली. औषधाच्या वड्या ठेवायची सोय नाही. वगारीनं तोंड घातलं तर? मांजर आणलं, ते घुशी पाहून स्वतःच पळालं. पळेल नाही तर काय करेल बिचारं! आणि ही सगळी फौज राहायची कुठं, तर गोठ्याच्या मधल्या भिंतीत.

ही भिंत पांढऱ्या मातीची, दीड हात रुंद. वाटणीच्या वर्षी हिंमतरावांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, किसनरावांनी, मिळून घातलेली. अलीकडे हिंमतरावांची म्हैस, पलीकडे किसनरावांचे बैल. इकडची बिळं बुजवली की उंदीर तिकडून निघायचे, तिकडची बुजली की इकडून. दोघांनी एकाच दिवशी दोन्ही अंगांनी काम केलं तर उंदरांचा निकाल लागतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण दोघा भावांत नऊ वर्षं बोलणंच नव्हतं.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. हिंमतरावांच्या लेकीच्या, संजीवनीच्या लग्नाची पत्रिका चिखलीला छापली, तिच्यात काकाचं नाव राहून गेलं. छापायच्या आधी दाखवलेला कागद हिंमतरावांनी नीट वाचलाच नव्हता. सख्खा चुलता, आणि पत्रिकेत नाव नाही! किसनराव देऊळगाव राजाला लग्नाला गेले नाहीत. 'चुकलं रे बाबा', एवढंच म्हणायचं होतं. रोज धार काढताना पलीकडून भावाचा खोकला ऐकू यायचा, शब्द ओठावर यायचे आणि हिंमतराव ते गिळून टाकायचे.

"एक शब्द टाका ना भाऊजीले," वगारीच्या खुराला हळद लावता लावता अन्नपूर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "त्यायच्या बैलायलेबी तरासच असन."

"त्यानं टाकावा. लग्नाले तो नाही आला."

"अन् पत्रिकेत नाव कोनं नाही टाकलं?"

"चूप बस. मले कोनाची गरज नाही. उद्या लाइन आली का मोटरीचा पाइपच घालतो बिळात. बुडून मरतेत का नाही, पाह्य."

"अवो, पानी तिकून निघालं तं? बैलाखाली चिखल होईन ना त्यायच्या!"

"होऊ दे."

अन्नपूर्णाबाईंनी हळदीची वाटी उचलली आणि त्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाइन आली. भादव्याचा पाऊस आठ दिवस पडून नुकताच उघडला होता. हिंमतरावांनी म्हैस आणि वगार बाहेर बांधली, घरामागच्या विहिरीवरून पाइप ओढत आणला आणि भिंतीच्या बुडाशी सगळ्यांत मोठ्या बिळात कोंबला. बाकीची बिळं दगडमातीनं ठोकून बंद केली, वरच्या अंगाचं एक मोकळं ठेवलं आणि काठी घेऊन त्याच्यापुढे बसले. पंधरा मिनिटांत सात उंदीर निघाले, सातही मारले. एक घूस निघाली, तिला दोन टोले घालावे लागले. "या लेकहो, या!" ते ओरडत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

मग उंदीर यायचे थांबले. पाणी मात्र तसंच आत चाललं होतं. एवढं पाणी जातं कुठं? एव्हाना पलीकडे चिखल व्हायला हवा होता, किसनरावांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. खरं सांगायचं तर हिंमतराव त्या शिव्यांचीच वाट पाहत होते. शिवी का होईना, सुरुवात तर झाली असती. 'करतो बे बंद' एवढं तरी म्हणता आलं असतं. पण पलीकडून नुसता थप् थप् आवाज येत होता. किसनरावांची बायको शालूबाई गोवऱ्या थापत असेल, असं त्यांना वाटलं.

पाऊण तास झाला असेल. भिंत मधोमध फुगल्यासारखी दिसली. हिंमतराव झटकन मागे सरले, आणि सगळी भिंत पलीकडे कोसळली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा ते भावाच्या गोठ्यात शिरले. बैल चरायला गेलेले. मातीच्या ढिगातून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत चिखलानं माखलेला.

"किसन्या! अरे किसन्या बे!"

त्यांनी नखांनी माती उकरली. गाव धावून आलं, फावडी आली. किसनरावांना बाहेर काढलं तेव्हा श्वास थांबला होता.

अंगणात माणसं जमली. हिंमतराव वेड्यासारखे एकच विचारत होते, "तो भितीपाशी कायले बसला? बैल तं बाहेर होते. कायले बसला तो?"

शालूबाई या थोरल्या दिरासमोर कधी मान वर करून बोललेली नव्हती. आज तिनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमीच तं निरोप धाडला, दादा. सकाळी ताई आल्या. म्हनल्या, दादानं सांगतलं हाय, मी इकून पानी सोडतो, तू तिकून बिळं बुजव, दोघं मिळून करू. हातातला चहा तसाच ठेवला त्यायनं. मले म्हने, शाले, दादानं निरोप धाडला! एक बीळ ठेवलं नाही, सारी चिखलानं लिपली."

पाणी कुठं गेलं ते हिंमतरावांना कळलं. त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. खांबाला धरून, पदराचा बोळा तोंडात कोंबून ती उभी होती. निरोप तिनं आपल्याच मनानं नेला होता. दोन भावांना जोडायला गेली होती बिचारी.

"धाडला व्हता ना, दादा?" शालूबाईचा आवाज चिरका झाला. "सांगा ना. तुमीच धाडला व्हता ना?"

 सगळं अंगण हिंमतरावांकडे पाहत होतं.

"हाव," ते म्हणाले. "म्याच धाडला."

शालूबाई खाली बसली. किसनरावांच्या तोंडावरचा चिखल तिनं पदरानं पुसला.

"ऐकलं का जी," ती त्यांना म्हणाली, "दादानंच धाडला व्हता."